लाल दिव्याचं गाऱ्हाणं

मोटारीला शिव्या घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण मोटारीला गाऱ्हाणं घालून तिच्याकडून खरं वदवून घेणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आमच्या हिचा मामा. कोणाला वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा. मी चार बुकंसुद्धा पुरी केली नाहीत, पण पाली ते रत्नागिरी भाड्याची मोटार मी अशा काळात हाकली आहे, की मोटार दिसली तर बैल गाडीसकट शेतात उतरायचे. तेव्हा मोटारीतलं मला कोणी शिकवू नये.

ती मोटार मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. इंजिन दमदार, पण विजेचं अंग नाजूक. समोरच्या फळीवर एक बारका लाल दिवा होता. गाडी चालता चालता तो पेटला की समजायचं, डायनामो वीज देत नाही आणि बॅटरी साठवलेलं खात सुटली आहे. माझं म्हणणं, पेटला तर पेटू दे, गाव जवळ आहे. खेपेला माझ्या शेजारी बसणाऱ्या मामांचं म्हणणं, "बापू, दिवा खोटा बोलत नाय. गाडी हुबी कर." नाही केली तर ते चालत्या गाडीतून उतरत, चार ढांगा पुढं जात आणि रस्त्यात आडवे उभे राहत. चढावर तर त्यांना ढांगाही टाकाव्या लागत नसत.

मग बॉनेट उघडायचं, टोपी सारखी करायची, हात जोडायचे आणि देवळात गुरव घालतो त्याच चालीवर सुरू: "बा बॅटरी म्हाराजा, तुज्या पोटात पानी हाय, तुजी दोनी टोकं घट हायत, तू समद्यास्नी उजेड देतोस..." यावर गाडीतल्या उतारूंनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. देवळातल्या गाऱ्हाण्यात ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत एकाचंही नाव सुटून चालत नाही. तसे मामा बॅटरीपासून निघून एकेका तारेचं नाव घेत आणि नाव घेतलं की तिला हात लावून हलवून बघत. लोकांना करमणूक वाटे, पण एकही सांधा बघायचा राहत नसे. खाऱ्या वाऱ्यानं तारेच्या टोकाला हिरवा गंज धरला असेल तर खिशातलं आमसूल काढून घासत, धोतरानं पुसत, आणि उरलेलं आमसूल तोंडात टाकत. दोष सापडला की बॉनेटवर एक थाप आणि गाऱ्हाणं तिथंच समाप्त. एकदा गाडीत एक वकील होते. ते काही "व्हय म्हाराजा" म्हणेनात. मामा म्हणाले, "येक जरी गप ऱ्हायला, तर पयल्यापास्नं घालनार." आणि घातलं! कोर्टाची वेळ टळत चालली तसे वकीलसाहेब सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणू लागले.

मामांना एकच मुलगी. नवरा मुंबईला गिरणीत, त्याला खोली मिळाली आणि बोलावणं आलं. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट. ती चुकली तर नारळी पौर्णिमेपर्यंत पोरीनं माहेरीच राहायचं. मामा माझ्या शेजारी बसलेले, पोर मागं ट्रंकेवर हात ठेवून. रत्नागिरीच्या अलीकडचं कुवारबाव ओलांडलं आणि दिवा पेटला.

मी म्हटलं, "मामा, आज सोडा. बंदर हाकेवर आलं."

"म्हंजे दिवा काल खरा नि आज खोटा काय?" म्हणत ते उतरले.

मी बाजूलाच उभा होतो. डायनामोचं नाव आलं तेव्हा तिथली तार लुळी पडलेली मला स्पष्ट दिसली. मामांनी ती बसवली, नट आवळला. दोष निघाला. आता थाप पडणार म्हणून मी हँडलाकडे वळलो. पण थाप पडेना. मामा पुढं चाललेच: भोंग्याची तार, पुढचे दिवे, कित्येक वर्षांत न पेटलेले बाजूचे रॉकेलचे कंदील. भोंग्याचा लाल दिव्याशी काय संबंध? उतारूंचा धीर सुटला होता, त्यांचे डोळे समुद्राकडे. प्रत्येक नावाला मागून एकच आवाज येत होता, पोरीचा: "व्हय म्हाराजा." एरवी एवढ्यावर मामांनी पहिल्यापासून घातलं असतं, त्या दिवशी घातलं नाही. खालून आगबोटीचा भोंगा झाला. मी कोणापुढं जीभ आवरली असं कधी झालं नाही, त्या दिवशी आवरली.

मागच्या दिव्यापर्यंत आले आणि मामांची नावं संपली. पोरीच्या बाजूला ते उभे राहिले. मग हात जोडले आणि म्हणाले, "आनि ह्या लेकराला, बा म्हाराजा, तिच्या घरी सुखरूप पोचव."

पोरीनं पदर तोंडाला लावला होता. तेव्हा मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

हँडल मारलं. दिवा पेटला आणि इंजिन चढलं तसा विझला.

"आता हाक," मामा म्हणाले. "जोरात हाक."

आगबोटीपर्यंत उतारू नेणारा शेवटचा पडाव सुटता सुटता पोर त्यात चढली. बोट दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बंदरावर होतो. परतीच्या वाटेवर मामा पालीपर्यंत त्या लाल दिव्याकडे बघत बसले होते. तो काही पेटला नाही.