दुसरी सीडी

सिनेमा माणसाला बदलतो, असं मी एके काळी छाती पुढे काढून सांगायची. आता आठवलं की माझीच मला चीड येते. कारण याच्या उलट पुरावा लहानपणापासून घरातच होता. मुरबाडजवळच्या आमच्या गावातून म्हशाच्या जत्रेला गेलो की तंबूतला सिनेमा ठरलेला. पडद्यावरचा जमीनदार मजुराला चाबकाने फोडायचा, आणि माझे वडील मुठी आवळून त्याला शिव्या घालायचे. शेवटी मजूर उलटून उभा राहिला की पहिली शिट्टी त्यांचीच. दुसऱ्या दिवशी मळणीला आलेल्या वाडीवरच्या बायांना चहा मिळायचा तो पडवीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपांतून. किटली माझ्या हातात असायची. हात लागू नये म्हणून मी चहा वरून ओतायची आणि त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

पुढे डी.एड. करून मी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका झाले. आसनगावला उतरायचं, जीपने फाट्यापर्यंत जायचं, तिथून पायी. शाळेत खिचडी शिजवायला एक विधवा बाई होती. मी तिला मावशी म्हणायची. तोंडाने फटकळ, वाढताना "खा रे मुडद्या" म्हणायची, पण पातेल्याच्या तळाची खरपुडी सगळ्या पोरांना सारखी वाटायची. तिला मूलबाळ नव्हतं. पाड्याच्या टोकाला कुडाच्या झोपडीत ती एकटी राहायची.

त्या पावसाळ्यात एक पोर तापाने गेलं. पाड्यातल्या भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिलं आणि म्हणाला, "एकटी ऱ्हाते. पोरांत वावरते." नाव घेतलं नाही. नाव न घेण्यातच त्याची हुशारी होती. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोरांनी ताटं उलटी ठेवली. मी विचारलं तर एक मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाई, मावशी भुताळी हाय."

शाळा समितीचे अध्यक्ष आले. "हिला काढा बाई. नायतर पोरां शालेत येनार नाय."

मी आठ दिवस मागून घेतले. खिचडीचं काम गेलं तर मावशीचं पाड्यात राहणंही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. शाळेच्या आडोशानेच ती टिकून होती. आणि मला, शहाणीला, उपाय सुचला तो सिनेमाचा! एका बाईला गाव भुताळी ठरवतं, मारतं. मग खरं काय ते उघडं पडतं आणि तेच गाव हात जोडून तिची माफी मागतं, असा एक पिक्चर मी पाहिला होता. शहापूरच्या बाजारातून टीव्ही आणि प्लेअर भाड्याने आणला. पिक्चर दोन सीडींचा. कॉपी केलेल्या सीडी, वर स्केचपेनने एक आणि दोन लिहिलेलं. दुकानात लावून बघायची बुद्धी मला झाली नाही.

शनिवारी दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावल्या. सगळा पाडा वर्गात दाटला. भगत पुढे बसला, मावशी पार मागे दाराशी. पहिल्या सीडीत बाईला केस धरून ओढत नेलं, तेव्हा बायका चुकचुकल्या. एकीने पदर डोळ्याला लावला. जमलं, असं मला वाटलं. मी मोठ्या तोऱ्यात दुसरी सीडी घातली.

ती भलत्याच पिक्चरची होती, तीही भुताच्या. पांढऱ्या साडीतली, उलट्या पायांची बाई एका पोराच्या मानेला तोंड लावून रक्त पीत होती.

मी धावले. भगताने हात आडवा घातला. "ऱ्हाऊ द्या बाई. आता कुठं खरा लागला."

"अहो, हा दुसरा पिक्चर आहे! ही बाई वेगळी, हिचं तोंड वेगळं!"

"त्याच सांगतंय," तो शांतपणे म्हणाला. "भुताळी तोंड बदलते."

मागून कुणीतरी बोललं, "आगुदर कशी गरीब दिसत व्हती गो!" आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी वायर ओढली, टीव्ही बंद पडला. पण तोवर त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

रविवारी माझी सुट्टी. सोमवारी आले तेव्हा मावशीच्या झोपडीचा कूड पाडलेला होता आणि ती शाळेच्या ओट्यावर डोक्याला फडकं बांधून बसली होती. फडक्यावर रक्त वाळलं होतं. मी म्हटलं, चल, पोलिसांत जाऊ.

"तुमी संध्याकाली घरी जाता, बाई," ती म्हणाली.

तिने शाळेचा डाव आणि पातेलं घासून आणलं होतं, ते माझ्यापुढे ठेवलं. तानसाच्या बाजूला तिची लांबची बहीण होती, तिच्याकडे निघाली होती. उठता उठता तिने विचारलं, "त्या पयल्या बाईचा पुढं काय झाला?"

"सगळं गाव तिच्या पाया पडतं, मावशी."

ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "आनि तुमी त्याच्यावर भरोसा ठेवलात?" आणि बोचकं घेऊन चालू लागली. त्याच दुपारी समितीचा ठराव झाला: मदतनीस स्वखुशीने काम सोडून गेली. अक्षर चांगलं म्हणून तो मीच लिहिला.

दिवाळीनंतर मी खरी दुसरी सीडी मिळवली आणि पाड्याला सगळा पिक्चर दाखवला. कशासाठी, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटेल त्यांना, अशी आशा असावी. सगळे रडले. पडद्यावरच्या भगताला गावाने हाकललं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि आमचा भगत मान हलवत म्हणाला, "ह्यो खोटा व्हता. आसतात आसे." ज्या घरातलं पोर गेलं होतं त्या घरची म्हातारी हुंदके देत माझ्याजवळ आली. "आसा कोन करतं का गो बाई? मानसां हायत का जनावरां?"

तिने खरंच विचारलं होतं. तिच्या मनात कुठेही मावशी नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रडत तर मीही होते, आणि ठरावाखाली सही माझी होती.