अण्णा आणि साहेबांचा गेम

अण्णांना हरता येत नव्हतं. हा गुण खेळाडूत असला तर कप मिळतात, सरकारी नोकरात असला तर बदल्या. अण्णांना दोन्ही मिळाले. उदगीरचा हा माणूस आमच्या खात्यात लागला तोच खेळाडूंच्या कोट्यातून, म्हणजे बॅडमिंटनमध्ये सगळ्यांना हरवतो म्हणून. 'सगळ्यांना' या शब्दात साहेब येत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नांदेडला आमचे साहेब सकाळी हॉलवर खेळायला येत. त्यांचं शटल रेषेबाहेर पडलं की आम्ही सगळे छताकडे बघायचो. अण्णा तेवढे रेषेकडे बघत आणि अदबीनं म्हणत, "औट हाय, सर." त्या अदबीनंच त्यांना देगलूरला पाठवलं. बदलीची ऑर्डर आली की माणसं क्वार्टरची चौकशी करतात, अण्णांनी विचारलं, "तिथं छप्पर किती उंच हाय?" देगलूरला ते मंगल कार्यालयात खेळले, लग्नाची तिथ नसेल तेव्हा. जिंकलेले कप मात्र ऑफिसातल्या कपाटावर मांडलेले असत. नवे साहेब आले की ऑफिसातली मंडळी 'आपल्या खात्याची शान' म्हणून ते दाखवायची, आणि आठवडाभरात साहेब त्या शानेशी खेळायला निघायचे.

मग अण्णांना लातूर मिळालं. मीही तेव्हा तिथेच होतो. अण्णांच्या लेकीचं बारावीचं वर्ष, आणि नेमके नवे साहेब रॅकेट घेऊनच रुजू झाले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी सांगा ह्यांना. एक गेम हरलं तर काय अंगाला भोकं पडतेत का? आता बदली झाली तर पोरीचं मी एकटीनं काय काय बघू?"

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "हरतो की. त्यात काय एवढं?"

त्यांनी खरोखर प्रयत्न केला. सर्व्हिस जाळीत घातली, सोपी शटलं सोडून दिली. पण साहेबांचा खेळ असा की त्यांना जिंकवणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. पाणी प्यायच्या निमित्तानं अण्णा माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "हरायचं तर समोरच्यानं शटल जाळीपल्याड तरी धाडाया पायजे का न्हाई?" तरीही ओढूनताणून वीस-वीसची बरोबरी झाली. आणि साहेबांनी एक शटल उंच उडवलं. ते अण्णांच्या डोक्यावर आलं, अगदी सावकाश, हळदीच्या अक्षतेसारखं. अण्णांचा हात वर गेला. स्मॅश साहेबांच्या बुटाशी पडला. पुढचाही तिथंच.

"हात ऐकूनच न्हाई राहिला, सर," अण्णा म्हणाले. साहेब हसले. ऑर्डर किनवटची निघाली.

ते वर्ष वहिनींनी एकटीनं काढलं. लेक चांगली पास झाली, पण वहिनी तो गेम विसरल्या नाहीत. किनवटला हॉल नव्हता. अण्णा उघड्यावर खेळायचे. फोनवर म्हणाले, "वाऱ्यासंगं खेळून राहिलो. लई बरा गडी हाय. हरला तरी बदली करत न्हाई."

निवृत्तीच्या तोंडावर ते लातूरला परतले. तेच साहेब आता वरच्या खुर्चीत होते. निरोप समारंभात त्यांनी अण्णांना शाल घातली, नारळ दिला आणि खेळाडूवृत्तीवर असं भाषण केलं की समोरच्या रांगेतल्या दोघांना जागं करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच आग्रहानं मैत्रीचा सामना झाला. अण्णा हरले. शटल साहेबांच्या रॅकेटवर अलगद आणून ठेवत हरले. हात अक्षर न् अक्षर ऐकत होता.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वहिनी लाटणं घेऊन दारातच उभ्या. "लेकीच्या बारावीला जमलं न्हाई, अन् आज जमलं व्हय?"

"अगं, कालपस्तोर ते साहेब होते," अण्णा चपला काढत म्हणाले. "साहेबाला गेम देणं म्हंजे लाच. आज पाव्हणे म्हणून आलते. पाव्हण्याला काय उपाशी धाडायचं?"

साहेब तो विजय अजूनही सगळ्यांना सांगतात. अण्णांच्या घरी येऊनही सांगतात. अण्णा मान डोलावतात, आणि साहेबांच्या चहात साखर टाकायची वहिनी दर वेळी विसरतात.