अक्काचे पुरणाचे दिंड

जुन्या जालन्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. सायकलला पराती बांधून आठवडी बाजार केले, त्यातून ते उभं राहिलं. भाव करण्यात मला सहसा कुणी हरवत नाही. पण गिऱ्हाइकानं वाफवायचं तीन मजली स्टीलचं भांडं मागितलं की मी नोकराला पुढं करतो. त्या भांड्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं बिनसलं होतं.

अक्का तीर्थपुरीला दिलेली. आई-वडील गेल्यावर नागपंचमीला मीच तिच्याकडं जायचो. त्या दिवशी आमच्यात तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, विळीला हात लावत नाहीत. जे करायचं ते वाफेवर. अक्का रुंद पातेल्यात दोन पेले पाणी घ्यायची, त्यात एक वाटी पालथी टाकायची. ज्वारीच्या कडब्याची धांडं हातानं मोडून पातेल्यात आडवी-उभी अशी अडकवायची, की पाण्याच्या वर जाळी तयार व्हायची. तिच्यावर जुन्या लुगड्याचं ओलं धडपं. कणकेच्या पोळीत पुरण ठेवून चारी बाजूंनी घडी घातलेले चौकोनी दिंड त्यावर ठेवायचे आणि झाकण लावायचं. पाणी उकळलं की वाटी खडखडायची. खडखड थांबली की पाणी संपलं समजायचं.

एका पंचमीला मी तिच्यासाठी दुकानातलं सगळ्यात चांगलं वाफेचं भांडं घेऊन गेलो. तिच्या थोरल्या दिरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "काय पाव्हणे, नमुना आणला का? बोला भाव, बराबर करून घेऊ!"

ओसरीवर सगळे हसले. अक्काही हसली, तोंडाला पदर लावून. मग तिनं ते भांडं फळीवर ठेवलं आणि पातेल्यात धांडं अडकवू लागली.

दिरांचं हसणं मी झाडून टाकलं असतं. बाजारात त्याहून वाईट ऐकलंय. अक्काचं हसणं मात्र मला लागलं. पुढं ते भांडं तिच्या नणंदेच्या घरी दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी तीर्थपुरीला जाणं बंद केलं. दर साली पंचमीच्या आदल्या दिवशी तिचा फोन यायचा, "आज भावाचा उपास हाय माझा. उद्या येतो ना?" मी "दुकान हाय" म्हणून ठेवून द्यायचो. सहा वर्षं असंच चाललं.

यंदा श्रावणाच्या तोंडावर तिच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून भाच्यानं तिला माझ्या घरी आणलं, कारण तपासणीला जालन्यातच यावं लागत होतं. उजवा हात लुळा पडलेला. बोलणंही गेलेलं; फक्त एक शब्द उरला होता, "बस". पाणी हवं असलं तरी बस, कूस बदलायची तरी बस. डॉक्टरांनी मऊ, वाफवलेलं द्यायला सांगितलं.

पंचमीच्या सकाळी मी गोठेवाल्याकडून धांडं आणली आणि विळी घेऊन बसलो.

"अहो, आज पंचमी हाय ना? विळी कशाला काढली?" बायको ओरडली. मी विळी सारली, धांडं हातानं मोडली. दिंड तिनं भरून दिले. ते शिजले का, हे पाहायला मी दर दोन मिनिटांनी झाकण उचलत होतो.

"दुनियेला भांडी विकता, अन् झाकण ठेवता येईना? वाफ कोंडू द्या की जरा!"

पहिला घाणा चिकट, कच्चा निघाला. दुसऱ्याला मी हात मागं बांधून उभा राहिलो. झाकणाचं पाणी आत गळू नये म्हणून बायकोनं त्याला फडकं गुंडाळलं होतं. पाव तासानं दिंड फुगून आले, त्यांना धांडांचा गोडसर वास लागला होता. तूप घालून मी ताटली अक्काकडं नेली आणि उभ्यानंच घास भरवायला लागलो.

दोन घास तिनं खाल्ले. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"अक्का, त्या पंचमीला ओसरीवर तू का हसलीस गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बस," म्हणाली.

पुरे कर, असा मी अर्थ घेतला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारावं आणि समोरून 'बस' यावं! ताटली आपटली आणि दुकानात निघून गेलो.

दुपारी जेवायला आलो तर बायको म्हणाली, "ती तुम्हाला बसा म्हणून राह्यली होती. उभ्यानं कुणी भरवतं का? तुम्ही गेल्यावर किती वेळ दाराकडं पाहत होती."

बायकोचं खरं असेल, किंवा माझं. अक्काला विचारून उपयोग नव्हता. दोन्हींना तिच्याकडं तोच शब्द होता.

त्यानंतर मी रोज तिच्याजवळ पाट घेऊन बसलो. भोपळा, बटाटा, रव्याच्या मऊ वड्या, जे जमेल ते वाफवून भरवलं. परत काही विचारलं नाही. वीस-बावीस दिवसांनी तिनं तोंड मिटून घेतलं. "एवढा एक घे," म्हणालो. घेतला नाही. दुसऱ्या सकाळी ती गेली.

राग गेला, असं मी म्हणणार नाही. ती का हसली, हे मला अजून हवंय. फक्त आता ते सांगणारं कुणी नाही, आणि रागवायलाही कुणी नाही.