तात्यांचा होकार

तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, व्हय. चहा देऊ का, व्हय. दुखतंय का, व्हय. दोन महिन्यांनी थोरल्या भावाचा मला मुळशीला, सासरी फोन आला. ओढ्याकडचं भाताचं खाचर विकायला तात्या तयार आहेत, सहीला ये म्हणाला. जमीन वडिलोपार्जित, त्यामुळे माझीही सही लागत होती.

मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. माणमधली, माझ्या माहेरच्या गावातली, आमची बाकीची जमीन केव्हाच भाड्याच्या खोल्यांखाली गेली, पण या खाचराला तात्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि वाचा गेल्यावर बरी विकायची इच्छा झाली! मी तशीच माहेरी गेले. वहिनीनं चहात वेलदोडा घातला, तर त्याचाही मला संशय आला.

भावानं माझ्यादेखत विचारलं, “तात्या, खाचर द्यायचं ना?”

तात्या म्हणाले, व्हय. मग मी पुढं झाले. “तात्या, खाचर ठेवायचं ना?”

त्यालाही व्हय. भावाचं तोंड उतरलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वहिनी म्हणाली, धरणात ढकलू का विचारा, तरी व्हयच म्हणतील. ते मला समजत नव्हतं असं नाही. तरी मला मिळालेलं व्हय मी खरं धरलं आणि भावाचं खोटं.

त्यानंतर दर रविवारी मी माणला पहाऱ्यालाच जायची. तात्यांच्या अंगठ्याला शाई लागलीय का ते आधी बघायची, मग तब्येत विचारायची. भावाची गाडी दारात दिसली नाही की वाटायचं, गेला बिल्डरकडं.

तात्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांनाच झापलं. म्हणाल्या, त्यांना बरंच समजतं, पण तुम्ही प्रश्नातच उत्तर घालून विचारता. खरंच होतं ते. आमच्या घरी तात्या म्हणतील ती पूर्व, त्यामुळे ‘तुम्हाला काय वाटतं’ असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ‘द्यायचं ना’, ‘जायचं ना’ असं पुढं करायचं आणि ते मान हलवतात का डोळे वटारतात ते बघायचं, हीच रीत. बाईंनी सांगितलं, दोन वस्तू समोर ठेवा, हात लावू द्या, मग बाजू बदलून पुन्हा ठेवा. आम्ही पेला आणि कंगवा ठेवून पाहिलं. तहान लागली की ते पेल्यालाच हात लावायचे, बाजू बदलली तरी.

एका दुपारी भाऊ बाहेर गेलेला बघून मी त्याच्या कपाटातले विक्रीचे कागद काढून तात्यांच्या खाटेवर ठेवले आणि शेजारी त्या खाचरातलं मूठभर भात. हे विकणं, हे ठेवणं, असं नीट सांगितलं. त्यांनी डावा हात कागदावर ठेवला. मी बाजू बदलली. पुन्हा कागद. मला वाटलं, भावानं पढवून ठेवलंय. तिसऱ्यांदा मांडताना मी भात मुद्दाम त्यांच्या बोटांपाशी सरकवलं.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते भात मुठीत धरलं आणि माझ्या तोंडावर फेकलं. आणि रडायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ खरं बोलत होता, आणि तेही त्याच्या नकळत, कारण त्यानं तरी कुठं नीट विचारलं होतं. खाचर ठेवायचं होतं ते मला. शब्द गेल्यावर तात्यांच्या मनाची जागा मला रिकामी वाटली आणि तिथं मी माझीच इच्छा नेऊन ठेवली. त्यांना का विकायचं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

तेवढ्यात भाऊ आला. जमिनीवर भात सांडलेलं, तात्या रडतायत, आणि मी म्हणतेय, आण पेन, मी सही करते. त्यानं खाटेवरचे कागद उचलले आणि पाठीमागं धरले.

“आता ह्यो कुटला डाव हाय तुजा?”

डाव नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही केलंही नव्हतं.