मुळशीच्या वाळवंटातला चंद्र

राजस्थान मी आजतागायत पाहिलेलं नाही. तरीही एकोणसाठ-साठच्या सुमारास मी तिथं फौजेत नोकरीला होतो, असं आमच्या गावातल्या कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. प्रत्यक्षात मी खडकीला लष्कराच्या एका गोदामात बुटांच्या पेट्यांवर पत्ते रंगवायचो. पहिल्याच पत्रात मी आईला लिहिलं, की राजस्थानला जाणारा माल माझ्याकडे असतो. आईला वाचता येत नव्हतं. शेजारचे काका पत्र वाचून दाखवायचे. त्यांना चष्म्याची गरज होती आणि ती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी माल गाळला आणि राजस्थानला मलाच धाडून दिलं. सुट्टीवर गेलो तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होत्या, की खरं सांगायचा धीर झाला नाही. आणि आता लपवायचं कशाला, मला ते आवडलंही.

मग जवळच्या रिहे गावाकडचं स्थळ आलं. मुलगी मी आधी पाहिलेली होती, एका लग्नात पंगतीत वाढताना. तिनं भात वाढला, मी नको म्हणायला विसरलो, तिनं आणखी वाढला. तिसऱ्या खेपेला ती हसली. तेवढ्यावर माझं सगळं ठरून गेलं होतं. पण तिचे वडील चौकस. मध्यस्थाकडून त्यांनी निरोप धाडला, की पोरगा राजस्थानात आहे तर तिकडचा एखादा फोटो दाखवा.

माझ्या खोलीत राहणारा मित्र एका स्टुडिओत रिटचिंग करायचा, म्हणजे लोकांच्या फोटोतले देवीचे वण ब्रशनं पुसायचा. तो स्वतःला कलावंत समजत असे. त्यानं विचारलं, वाळवंट कुठून आणणार? मी म्हटलं, घरी आहे. आमच्या गावाखाली मुळशी धरणाचं पाणी चैत्रात मागं सरलं की मैलभर नुसता भेगाळलेला गाळ आणि वाळू उघडी पडते, ना झाड ना झुडूप. अडचण डोंगरांची होती. आमच्याकडे मान वळवावी तिकडे डोंगर. त्यावरही त्यानं तोड काढली. पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी त्यानं मला एका उंचवट्यावर उभं केलं, आणि स्वतः उसना कॅमेरा घेऊन खालच्या घळीत पालथा पडला. डोंगर उंचवट्याआड गेले, वर फक्त मी आणि उगवता चंद्र. जवान असे अवघडून उभे राहत नाहीत म्हणून त्यानं मला गाळात रुतलेल्या एका गोल दगडावर पाय ठेवायला लावला आणि दहा आकडे मोजेपर्यंत हलू नकोस म्हणाला. सातव्या आकड्याला नाकावर माशी बसली. देशासाठी मी तीही सोसली.

फोटो धुऊन आला तेव्हा चंद्र तांदळाच्या कणीएवढा होता. मित्राला तो स्वतःचा अपमान वाटला. त्यानं पांढरा रंग घेऊन चांगला भाकरीएवढा चंद्र काढला. आईनं तो फोटो काचेत घालून देवांच्या शेजारी टांगला आणि येईल त्याला समजावलं, की तिकडं डोंगर नाहीत, म्हणून चंद्र पुरता वाढतो.

वैशाखात मुलीचे आईवडील घर बघायला आले. वडिलांनी फोटो पाहिला, चंद्राकडे बघून मान हलवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मुलीच्या आईनं तो उतरवून दारातल्या उजेडात नेला. चंद्राकडे त्या बघत नव्हत्या, माझ्याकडेही नव्हत्या.

"ह्याच्यावरचा पाय काढ," त्या म्हणाल्या.

मी घोंगडीवर बसलो होतो. तरी पाय आखडून घेतले.

"आमच्या आईचं उखळ हाय हे. काठाचा टवका म्या पाडलाय, मुसळ आपटून."

धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. घर गेलं, गाव गेलं, आणि माणसं नातेवाइकांकडे पांगली. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि फोटो मांडीवर ठेवला. मग मला सगळंच सांगावं लागलं, काकांच्या चष्म्यापासून चंद्राच्या रंगापर्यंत. मुलीचे वडील उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि खोटं बोलणाऱ्या घरात पोर देणार नाही म्हणाले. माझी आई जमिनीकडे बघत राहिली. तिची मान माझ्यामुळे खाली गेली होती, आणि त्या क्षणी मला स्वतःची मनापासून शरम वाटली.

मुलीच्या आई मात्र उठल्या नाहीत. ती जागा अजून उघडी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाऊस लागेपर्यंत आहे. "मग वाट दाव," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं सांगितलं की गाडी जुंपलेली आहे. जुंपलेली राहू दे, असं त्यांचं उत्तर आलं.

काठ उतरेपर्यंतच मी पुढं होतो. त्यानंतर त्याच पुढं झाल्या, आणि कुठंही न चुकता तिथं जाऊन पोहोचल्या. त्यांचे यजमान काठावरच उभे राहिले. मुलीच्या आईनं बोटांनी उखळातला गाळ उकरायला घेतला. "हितनं धर," म्हणाल्या, तसा मीही बसलो. हात चालू होते आणि तोंडही: गोठा इकडे, चूल तिकडे, आई इथं बसून कांडायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोलणं थांबलं नाही. शेवटी पदरानं त्यांनी उखळ आतून लख्ख पुसलं. पाय ठेवला त्याची मी माफी मागितली. पदर झटकून त्या उठल्या, आणि काठाकडे निघता निघता म्हणाल्या, "पुढल्या साली पानी वसारलं की पोरीला घिऊन या हितं. तिनं न्हाई बगितलं."

मी व्हय म्हटलं आणि मागोमाग चालू लागलो. अर्धा काठ चढल्यावर एकदम पाय थबकले. घरात आल्यापासून त्या मला पाय काढ, वाट दाव, हितनं धर असंच म्हणत आल्या होत्या, आणि आत्ता म्हणाल्या होत्या 'या'. आमच्याकडे एवढ्या मोठ्या बाईनं एवढ्या लहान माणसाला अहो-जाहो करायचं एकच कारण असतं.