मागचं डावं दार

गाडीवेड्या मित्रांनो, आजचा किस्सा ऐका.

सकाळी माझी जर्मन गाडी रंगावर संरक्षक कोटिंग करून घ्यायला पुण्यातल्या वारज्याला नेली. सोबत बाबा होते. ओरखडे पडतील म्हणून घरात कोणी तिला कोरडं फडकं लावलेलं मला चालत नाही. दार लावताना येणारा तो भारदस्त 'धप्प' आवाज मात्र मी येईल त्याला ऐकवतो.

तिथल्या कारागिराने गाडीवरून रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवलं. मागच्या डाव्या दाराशी तो थांबला. "साहेब, हे दार नंतर रंगवलंय."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे शोरूमने ठोकलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली! तिथूनच मॅनेजरला फोन लावला आणि नाही नाही ते बोललो.

"फोन ठेव," बाबा म्हणाले. "तू बंगळूरला होतास, तेव्हा माझ्याकडून पार्किंगच्या खांबाला घासली. मीच रंगवून घेतली."

"मग सांगायचं ना मला!"

"बोनेटवर कबुतर शिटलं तरी तू दोन दिवस घरात कोणाशी धड बोलत नाहीस. तुला कसं सांगणार?"

कारागीर उगाच मीटर पुसत राहिला.

घरी आल्यावर बाबा उतरले आणि त्यांनी दार दोन्ही हातांनी, जराही आवाज होऊ न देता लावलं.

खरं सांगा, तुमच्या घरातली माणसं तुमच्या कुठल्या वस्तूला घाबरून असतात?