वीतभर गाडीचं दावं

जुनी रिमोटची गाडी विकणारा माणूस खोटं बोलतो, हे मी आधीच सांगून टाकतो. मोबाइलवर जाहिरात टाकताना लिहितो, 'एकदम कमी वापरलेली, पोरानं दोनदाच चालवली.' म्हणजे पोरानं ती दोनदा चालवली आणि तिसऱ्यांदा गच्चीवरून खाली सोडली. फोटो काढताना फुटलेली बाजू भिंतीकडे करतो. अकोल्याच्या एका सद्गृहस्थानं तर मला नुसतं वरचं टरफल पाठवलं होतं. आत मोटर नाही, गियर नाही. फोन केला तर म्हणतो, तुम्ही विचारलं कुठं होतं? अशा लोकांचा राग येतो तसा जातोही, कारण ते परके असतात. माझ्या साडभाऊचा राग मात्र गेलेला नाही, आणि तो घालवायची मला काही घाईही नाही.

मी कामरगावात फवारणीचे पंप दुरुस्त करतो. हल्ली सगळे पंप बॅटरीवर चालतात, त्यामुळे छोट्या मोटरी, वायरी आणि चार्जर यांत माझा दिवस जातो. त्यातूनच हा गाड्यांचा नाद लागला. वीतभर लांबीच्या गाड्या, पण आत खऱ्या गाडीसारखंच सगळं असतं: गियर, स्प्रिंगा, पुढची चाकं वळवणारे दांडे. रविवारी आम्ही काही जण कारंज्याला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात त्या पळवतो. सगळे बायकापोरांचे बाप. गावात कोणी विचारलं, "पोराची हाय का गाडी?" तर मी सरळ सांगतो, माझी आहे. मग तो माणूस असा हसतो की त्याच्या पंपात मुद्दाम गळका वॉशर बसवून द्यावासा वाटतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. कारंज्यात त्याची अडत आहे. दुसऱ्याचा माल आपला असल्यासारखा हातात खेळवायची सवय त्याला धंद्यानंच लागलेली. माझं बघून त्यानंही गाड्या घेतल्या, पण गाडी उघडून हात काळे करणं त्याला जमत नाही. बिघडली की दुसरी घ्यायची. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या दुकानात आला. एका हातात दोन बंद पडलेले पंप, दुसऱ्या हातात पिशवीत मेलेली लाल गाडी.

"हे दोन पंप करून दे," तो म्हणाला, "अन हे गाडी ठेव तुले. माह्या काई कामाची नाई."

गाडी उलटी करून पाहिली. मोठ्या गियरचे दात झडलेले, मागचं एक चाक हातानंही फिरेना. तरी सांगाडा चांगला होता. मी विचारलं, "भाऊ, रिमोट?"

तो खो खो हसला. "अबे, जनावर देताना दावं कोनी देते का?"

आमच्याकडे बैल विकला की त्याच्या गळ्यातलं दावं घरी ठेवून घेतात. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. त्या रीतीवर त्यानं हा विनोद केला, स्वतःच हसला आणि रिमोट स्वतःकडेच ठेवून कारंज्याला गेला. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही जाता जाता त्यानं तो ऐकवला. मी दोन्ही पंप करून दिले.

मग त्या गाडीवर मी हंगामभर खपलो. मागचा गियरचा डबा उघडला तर आत वाळलेलं ग्रीस आणि बायकांच्या केसांचा गुंता. बहुधा घरातल्या फरशीवर फिरवली असावी. तो गुंता सुईनं उपसून काढला. एका मेलेल्या खेळण्यातल्या ट्रकचा गियर कानसून बसवला, आणि त्याच ट्रकचा रिमोट न् रिसीव्हर घेतला. दोन गियरांमध्ये किती फट ठेवायची याचं माझं माप आहे एसटीचं तिकीट. तिकिटाची पट्टी दातांमध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. पट्टीवर दातांचे वळ उठले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर गियर करकरतो, वळ उठले नाहीत तर दात झडतात. गाडी सुटली की डावीकडे ओढायची, म्हणून पुढच्या चाकांचे दांडे अर्ध्या अर्ध्या आट्यानं फिरवत सरळ केले. स्प्रिंगांच्या नळ्यांत शिलाई मशिनचं तेल घातलं तर गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. एरंडेल घातलं तेव्हा शांत झाली. आमची काळी माती तर पिठासारखी कुठंही शिरते, म्हणून रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधलं. बायको म्हणाली, "एवढी सेवा माही बी नाई केली कधी." तिचंही बरोबर होतं.

आणि ती लाल गाडी पळाली. जिनिंगच्या आवारात पहिल्याच रविवारी तिनं साडभाऊनं नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीला असं मागं टाकलं की बघणारे शिट्ट्या मारायला लागले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "माहीच गाडी हाय ते. त्याले चालवाले देली होती."

मला आधी वाटलं, हरल्यावर माणूस काहीबाही बोलतो. पण त्यानं ते धरूनच ठेवलं. घरी बायकोला सांगितलं, तिनं माझ्या बायकोला फोन केला. गाडी वापस करा म्हणतेत. पंपांचं काय, असं मी विचारलं तर निरोप आला, नात्यात माणूस तेवढं करतेच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दात मी बसवले, केस मी उपसले, आणि हा आयत्या बिळावर नागोबा.

दसऱ्याला आम्ही दोघं जावई आसेगावला, सासरवाडीला असतो. लाल गाडी मी मुद्दाम सोबत नेली, साडभाऊनंही आपली आणली होती. लपवायला मी काही चोरी केली नव्हती. मामाजी, म्हणजे सासरे, एके काळी शंकरपटाचे बैल ठेवायचे. दोन बैलजोड्या शेजारी शेजारी सोडायच्या आणि सरळ पट्टीवर पळवायच्या, ही आमच्याकडची शर्यत. त्यांच्या गोठ्यात आता एकच गाय आहे, तरी पटाचा न्याय आजूबाजूचे लोक अजून त्यांनाच विचारतात. साडभाऊनं चहा संपायच्या आत त्यांच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं.

"मामाजी, माही वस्तू हा देऊन नाई राह्यला."

"माही हाय, मामाजी," मी म्हणालो. "यायनं देऊन टाकली होती. बदल्यात पंप केले म्या."

"देऊन टाकली म्हंजे? वापराले देली!"

आवाज चढले. दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाजी वैतागले. "सनासुदीचं भांडन नाई पायजे माह्या घरात. दोघायजवळ गाड्या हायेत न? पट लावा. जो जितन, लाल गाडी त्याची."

माझीच गाडी आणि मीच ती जिंकून घ्यायची! मी काही बोलणार एवढ्यात साडभाऊ म्हणाला, "काहून, भेव लागते का?" बस, तिथंच माझी मती गेली. लावा म्हटलं.

पूजा आधी झाली. अंगणात ट्रॅक्टर, त्याच्यापुढं विळे, वखराची पास, फवारणीचे पंप, आणि शेवटी पाटावर आमच्या दोन गाड्या. सासूबाईंनी ट्रॅक्टरला हार घातला आणि उरलेल्या झेंडूचे दोन छोटे हार सुतात ओवून गाड्यांनाही बांधले. साडभाऊच्या गाडीला टपावर, माझ्या गाडीला मागच्या बाजूला. मी म्हटलं, मामी, हार काढतो, चाकात जाईल. त्यांनी अशी नजर टाकली की माझा हात मागं आला. "पुजेचा हार कायले काढता आजच्या दिवशी? सुकून आपोआप गळून पडला पायजे तो." शेजारचे लोक जमले होते. दसऱ्याला पूजेचा हार ओरबाडणारा जावई म्हणून मला नाव करून घ्यायचं नव्हतं. मी सुताचं टोक बॉडीखाली खोचलं आणि वरून दाबलं.

सोयाबीन निघून गेलेलं मोकळं रान घरामागंच होतं. राखेनं दोन पट्ट्या आखल्या. मामाजी टोकाला दुपट्टा हातात घेऊन उभे राहिले. बैलांच्या पटाला राहायचे तसेच, छाती काढून. साडभाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "नेताना पिशवी तुहीच देजो. माही फाटली."

दुपट्टा खाली आला आणि लाल गाडी सुटली. मी आजवर एवढी सरळ गाडी चालवलेली नाही. साडभाऊची गाडी राखेच्या रेघेवरून आत-बाहेर करत होती, तो रिमोटपेक्षा स्वतःच जास्त वाकडा होत होता. अर्ध्या पट्टीत मी त्याला चांगलं मागं टाकलं. मग एका ढेकळावर माझी गाडी उडाली, सरळच खाली आली आणि पुढं पळाली. पण मागं काहीतरी पिवळं लोंबत होतं. सूत सुटलं होतं. ते मागच्या चाकांच्या दांड्याला गुंडाळत गेलं, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, गाडी मंदावली आणि टोकाच्या रेघेच्या हातभर अलीकडे गपकन थांबली. रिमोट दाबून दाबून मी बोट दुखवून घेतलं. ती नुसती गुरगुरत राहिली. साडभाऊची गाडी डुलत डुलत तिच्या बाजूनं गेली आणि रेघ ओलांडून एका खुंटाला जाऊन धडकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडभाऊ नाचला. खरोखर नाचला, पोट सुटलेला माणूस. मी जाऊन गाडी उचलली. दांड्यावर सूत करकचून बसलं होतं, मोटर चटका लागेल इतकी तापली होती. मला सासूबाईंचा राग आला, झेंडूचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या नाचणाऱ्या माणसाचा आला. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच होतं.

"आन इकडं," तो म्हणाला.

मी गाडी दिली. शब्द दिला होता. त्यानं ती काखेत मारली आणि दुसरा हात पुढं केला. "रिमोट बी दे."

"रिमोट माहा हाय."

"गाडीसंगं रिमोट येते."

"मले देली तवा आला होता का?" मी ओरडलो. "तुमी त ठेवून घेतला होता!"

आणि तो हसला. जमलेल्या लोकांकडे वळून, आपला जुना विनोद पुन्हा चालेल या भरवशावर म्हणाला, "ठेवलाच होता! म्या तवाच म्हनलं याले, जनावर देताना दावं कोनी देते का?"

दोघं-तिघं हसले. मामाजी हसले नाहीत. ते दुपट्ट्याची घडी करत होते, ती अर्धी राहिली. "तुमी दावं ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मंग! घरी हाय अजून. बैल देताना आपन देतो का दावं, मामाजी?"

"इकलेल्या बैलाचं नाई देत," मामाजी म्हणाले. "उसन्या बैलाचं देतो. उसना बैल दाव्यासकट जाते अन दाव्यासकट येते. दावं घरी ठेवलं म्हंजे बैल देऊन टाकला."

साडभाऊनं काखेतली गाडी आणखी घट्ट आवळली. "ते त गमतीनं म्हनलं होतं म्या."

"गमतीनं म्हनलं, अन दावं बी गमतीनंच ठेवलं का?" मामाजींनी घडी पुरी करून दुपट्टा खांद्यावर टाकला. "मले हे सकाळी सांगतलं असतं त पटच लावला नसता. ज्याचा बैल हाय त्याले त्याच्याच बैलावर पट लावाले सांगतलं म्या. द्या त्याची गाडी त्याले."

त्या दाव्याचा विषय माझ्या डोक्यात दोन वर्षांत एकदाही आला नव्हता, हे कबूल. भांडणात मी पंप पंप करत बसलो, आणि पुरावा हा शहाणा स्वतःच गावभर वाटत फिरत होता. त्यानं गाडी माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. मी वाकून उचलली. वाकावं लागलं म्हणूनही मी त्याला माफ केलेलं नाही.

"पट मात्र हारला तू," तो पुटपुटला.

"झेंडूनं हारलो," मी म्हणालो. "तुमच्यानं नाई."

संध्याकाळी आपट्याची पानं वाटायची वेळ झाली. वर्षभराचं वैर त्या पानाबरोबर सोडायचं असतं म्हणे. दोघी बहिणींनी आम्हाला दारात समोरासमोर उभं केलं, मामाजी खाटेवरून बघत होते. साडभाऊनं माझ्या तळहातावर पान ठेवलं नाही, टाकलं. मीही त्याला पान दिलं, 'सोनं घ्या' म्हटलं, पुढचं 'सोन्यासारखं राहा' काही तोंडातून निघालं नाही. एका हातानं पान दिलं, दुसऱ्या हातात गाडी आणि रिमोट दोन्ही होते, आणि तो हात मी शेवटपर्यंत पुढं केला नाही.